लढाई संपल्याची साखर

पुंजाराम माळी आयुष्यात एकदाच खोटं बोलला, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानंतरची सगळी खोटी ही त्या एकाचीच डागडुजी, आणि डागडुजीला कोणी नवं घर म्हणत नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे त्याची विहिरीवरची बागायत होती. वांगी, मिरच्या, कांदे. लागून गोवर्धन कुणब्याचं काळं वावर. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून न भांडलेले शेजारी वऱ्हाडात शोधून सापडायचे नाहीत. हे दोघं भांडले नाहीत याचं कारण इतकंच, की त्या धुऱ्यावर बसून दोघं रोजची न्याहारी करत. भांडायला जागाच शिल्लक नव्हती.

उत्तरेत बंड पेटलं त्या साली एलिचपूरच्या छावणीतून पलटणी निघाल्या आणि दाणागोटा वाहायला आसपासच्या गाड्या धरल्या गेल्या. धरली ती गोवर्धनची गाडी. पुंजाराम आपण होऊन वर चढला.

"तू काहून येऊन राहिला?" गोवर्धननं विचारलं.

"तुले चूल पेटवता येत नाही. उपाशी मरशीन लेका."

गोवर्धन उपाशी मेला नाही. बेतवा नदीच्या काठी पटकीनं मेला, सकाळी सुरुवात आणि दुपारी शेवट. पलटण थांबली नाही. तिला झाशीला पोचायची घाई होती. पुंजारामनं गाडी मोडून तिचंच सरण रचलं आणि उरलेला एक बैल घेऊन महिना-सव्वा महिना चालत तो गावी आला.

येताना बातमी कशी सांगायची ते त्यानं वाटभर घोकलं होतं. फक्त गोवर्धनच्या दारात मांडव असेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. गोवर्धनची बहीण वच्छला त्या दिवशी हळदीला बसली होती. अंजनगावहून वऱ्हाड निघालेलं. आता सांगावं तर घराला सुतक, लग्न मोडलं, आणि हळद लागलेली पोर तशीच घरात. गोवर्धनची बायको दुर्गाबाई पिवळ्या हातांनी धावत बाहेर आली. मांडीवरची लेक शालू तिनं कोणाकडे तरी टाकली होती.

"भाऊजी! अन् हे कुठी हायेत?"

"मागून येऊन राहिला, वयनी," पुंजाराम म्हणाला.

लग्न उरकलं की सांगायचं, एवढाच बेत होता. लग्न उरकलं. मग वच्छला पहिल्यांदा माहेरी आली, घर हसत होतं. मग पोळा आला, मग दिवाळी. वाईट बातमीला मुहूर्त पाहत नाहीत. पुंजाराम पाहत राहिला आणि पंचांगात एकही दिवस पुरेसा वाईट निघाला नाही.

वर्ष झालं तेव्हा दुर्गाबाईनं विचारलं, "मागून म्हंजे किती मागून, भाऊजी?" त्यानं सांगितलं, साहेबानं पलटणीसंगं समुद्रापार नेलं, लढाई संपली की येईल. ही डागडुजी फार दिवस टिकायची नाही, हे त्यालाही कळत होतं. पण नशीब असं, की दोनेक वर्षांत खरोखरच समुद्रापार लढाई सुरू झाली.

ती अमेरिकेत, भावाभावांत. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस पेरला आणि खायची ज्वारी महाग झाली म्हणून सरकारला नावं ठेवली. अमरावतीच्या बाजारात लढाईशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. ती चालू राहावी म्हणून एका आडत्यानं अंबादेवीला साडी नेसवली. दोन्ही लढाया एकच, असं पुंजारामनं दुर्गाबाईला कधी सांगितलं नाही. वेगळ्या आहेत, असंही सांगितलं नाही.

दर बाजारी दुर्गाबाई विचारायची, "लढाई संपली का जी?" आडते कानाला हात लावत. "असं अभद्र नका बोलू, बाई."

शालू आठ वर्षांची झाली. दुर्गाबाईचा धाकटा दीर खुशालराव यानं अकोल्याचं स्थळ आणलं.

"कन्यादान तिचा बाप करीन," दुर्गाबाई म्हणाली.

"अन् लढाई संपलीच नाही तं?"

"तं पोरगी बसंन."

"वयनी, अकोल्याचे लोक काही साहेबाची पलटण नाहीत. ते थांबत नसतात."

खुशालराव हे पुंजारामच्या बागायतीत, त्याच्या देखत बोलला, आणि मग त्याच्याकडेच वळला, "तूच सांग बाप्पा हिले. तुयं ऐकते ते." पुंजाराम वांगी तोडायला वाकला. एका पोरीचं लग्न मोडू नये म्हणून तो बोलला होता. आता त्याच बोलण्यापायी दुसऱ्या पोरीचं होत नव्हतं.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात खबर आली की अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळले. अमरावतीच्या बाजारात मयताच्या घरची शांतता पसरली. पगड्या काढून माणसं गाठोड्यांना टेकून बसली होती. त्या बाजारात दुर्गाबाईनं शेरभर साखर घेतली आणि भेटेल त्याच्या हातावर ठेवत निघाली. "लढाई संपली! घरचे येतीन आता!" एका म्हाताऱ्या आडत्यानं साखर हातावर घेतली आणि तिच्यादेखत रडू लागला. तिला वाटलं, याचंही कोणी तरी परत येत असेल.

अकोल्याचं स्थळ तिनं होकार देऊन पक्कं केलं. तुळशीचं लगीन झालं की शालूचं. पावसाळाभर भिंती सारवल्या, नवं धोतर आणून ठेवलं. गाडी वाजली की दारात. पुंजारामला त्या वर्षी जेवण जाईना. लोक म्हणाले, यानंही कापसात पैसा घातला असावा.

दिवाळीनंतर, लग्नाला बारा दिवस असताना, ती लग्नाची भाजी सांगायला बागायतीत आली.

"अन् एक काम करा, भाऊजी. आगगाडी जिथपोत येते तिथपोत जाऊन या. सडका साऱ्या नव्या झाल्या. वाट चुकतीन ते."

पुंजाराम वाफ्यात उकिडवा बसला होता. तो उठला नाही.

"तो नाही येत, वयनी."

"काहून? लढाई तं संपली."

"ते लढाई दुसरी होती. आमची तवाच संपली."

आणि त्यानं सांगितलं. खाली पाहून, थोडक्यात. दुर्गाबाईनं उभ्यानंच विचारलं.

"पानी मांगलं होतं?"

"हो. म्या पाजलं."

"अग्नी?"

"म्याच देल्ला. गाडी मोडून."

"तिथी कोनती होती?"

पुंजारामला तिथी ठाऊक नव्हती. मोहिमेत दिवस मोजायचे कधी सुटले, हेही त्याला आठवत नव्हतं.

"म्हंजे सात वर्सं," ती हळू म्हणाली, "पितरपाटात त्यायले कोनं जेवू नाही घातलं. अन् मी इथं सवाष्णीच्या पंगतीत जेवून राहिली."

पुंजारामनं तिच्या पायांकडे हात नेले. ती मागे सरली.

"उठा. वांगी किती निघतीन?"

"वयनी..."

"पोरीले हयद लागाची हाये. तोवर कोनाजवळ बोलू नका. किती निघतीन?"

"दोन पाट्या," पुंजाराम म्हणाला.

लग्न थाटात झालं. कुंकू लावूनच दुर्गाबाई मांडवात वावरली. पण ओट्या भरायच्या वेळी तिचा हात नेमका मुरगळलेला होता, आणि शालूला हळद लावायला तिनं नणंदेला, वच्छलेला पुढं केलं. स्वतःच्या पोरीच्या अंगाला तिनं त्या चार दिवसांत बोट लावलं नाही. खुशालरावानं कन्यादान केलं. अकोल्याच्या व्याह्यांनी मुलीच्या बापाची चौकशी केली तेव्हा ती पदर सावरत म्हणाली, "मागून येऊन राहिले."

शालू सासरी गेली. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईनं खुशालरावाला, वच्छलेला आणि गावच्या चार म्हाताऱ्यांना ओसरीवर बसवलं आणि पुंजारामला बोलावणं धाडलं.

"सांगा आता," ती म्हणाली.

मग त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी मान वर करून. पाणी कोणत्या भांड्यानं पाजलं, पायात गोळे आले तेव्हा तळवे कसे चोळले, नदीची वाळू पायाला कशी पोळत होती, बैल सरणापासून हलेना ते. बागायतीत ऐकताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता ती जमिनीवर कपाळ आपटून रडली. तिच्या बांगड्या वच्छलेला फोडाव्या लागल्या. एक बांगडी तीनदा मारूनही फुटेना. म्हाताऱ्या शिव्या देत होत्या पुंजारामला. सात वर्षं बाईला फसवलं, म्हणाल्या. तो ऐकत बसला. त्या खरंच बोलत होत्या.

रडणं ओसरल्यावर खुशालरावानं विचारलं, "क्रियेले तिथी पायजे. पुंजाराम, तिथी?"

पुंजारामच्या आधी दुर्गाबाई बोलली. "कार्तिक शुद्ध पंचमी."

तो तिच्याकडे पाहू लागला. पंधरा दिवसांपूर्वी वांग्यांच्या वाफ्यात तिनं ही खबर ऐकली, तो दिवस.

"हे खरं का?" खुशालरावानं विचारलं.

कार्तिकात वाळू पोळत नाही. पण ओसरीवर तेवढा हिशेब करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. दुर्गाबाई रिकाम्या मनगटांवर पदर ओढून खाली पाहत होती.

"हो," पुंजाराम म्हणाला. "पंचमीच."