पाणमांजरीचा आवाज

काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी कार्टून सिनेमातल्या पाणमांजरीला मराठी आवाज दिला होता. पाणमांजर आई आणि तिचं हरवलेलं पिल्लू, अशी गोष्ट. नोकरी मी वाशीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात करते. डबिंग फक्त सुट्टीच्या दिवशी. तो सिनेमा थिएटरात आलाच नाही. थेट टीव्हीवर लागला आणि मग रविवार दुपारचा लागतच राहिला. नेरुळच्या आमच्या सोसायटीतली पोरं मला लिफ्टमध्ये अडवायची.

"काकू, बोला ना तसं!"

मग मी म्हणायचे, "ये, माझ्या पोटावर झोप. पाणी आपलंच आहे." वर पोचेपर्यंत पोरं हसत असायची.

पहिला भाग एवढा बघितला गेला म्हणून दुसरा थिएटरात आणायचं ठरलं. मला कामं देणाऱ्या स्टुडिओतल्या बाईंनीच फोन केला.

"मॅडम, या वेळी आईसाठी सिरियलमधली हिरॉइन घेतलीय. पोस्टरवर चेहरा लागतो ना."

"हो, बरोबर आहे," मी म्हटलं आणि समोरच्या पावत्या टाइप करत राहिले. आता वाईट वाटेल, मग वाटेल, असं संध्याकाळपर्यंत वाटत होतं. काहीच झालं नाही.

सिनेमा जोरात चालला. मॉलमध्ये शो वाढवले, पिल्लाच्या चित्राची दप्तरं आली, माझ्या मुलीच्या वर्गातल्या सगळ्यांचा बघून झाला. शेवटी मुलगी, सासूबाई आणि मी गेलो. सासूबाई सारसोळ्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. एसी सोसत नाही म्हणून शाल घेऊन बसल्या होत्या. थिएटर भरलेलं, पुढे मागे सगळी पोरंच.

पाणमांजर बोलली तशी सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"यो तुजा आवाज नाय."

"नाही, आई. दुसऱ्या बाईंचा आहे."

"का? तुला काय झालेलं?"

मागून कोणीतरी श्श् केलं. मुलगी पॉपकॉर्न खात पडद्याकडे बघत होती. त्या बाईंनी चांगलं काम केलं होतं. एका ठिकाणी पिल्लू परत मिळतं तेव्हा आजूबाजूच्या आया डोळे पुसत होत्या. मी माझे डोळे तपासले, कोरडे होते. इंटरव्हलला मी समोसे आणले. घरी जाताना रिक्षात मुलगी म्हणाली, "मम्मी, हा पहिल्यापेक्षा भारी होता." मी म्हटलं, "हो, होताच."

त्यानंतर लिफ्टमध्ये मला कोणी अडवलं नाही. पोरं आता नव्या भागातलं वाक्य म्हणतात, आपसांत.

एवढा धंदा झाल्यावर तिसरा भाग येणारच होता. या वर्षी स्टुडिओतल्या त्याच बाईंचा परत फोन आला. हिरॉइनला वेळ कमी आहे. आधी कोणीतरी अख्ख्या सिनेमाचा कच्चा आवाज भरून ठेवायचा, म्हणजे तो कानात ऐकून त्या पटापट बोलतील.

"तुम्हालाच ती पाणमांजर माहितीय, मॅडम. तुमचा आवाज नंतर काढून टाकतील, तेवढं फक्त."

सासूबाई बाजूलाच कोलंबी सोलत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांना सांगितलं.

"नको जाऊस," त्या म्हणाल्या. "आपल्याला लाज नाय का काय?"

"लाज कसली त्यात, आई?"

त्यांनी पुढची कोलंबी सोलायला घेतली. मी रविवारी गेले. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने हाताने खूण केली, पडद्यावर पाणमांजर पोहत आली, पिल्लू आता मोठं होऊन घर सोडून निघालं होतं. मी पाणमांजरीसाठी थांबायच्या जागी थांबले, रडायच्या जागी रडले. रडणं पहिल्याच टेकमध्ये ओके झालं. "एकदम रेडी आवाज आहे तुमचा," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. खाडीवरच्या पुलावर ट्रॅफिक होता. मुलीचा फोन आला, जेवायला काय करू म्हणून आजी विचारतेय. मी सांगितलं, भात लावायला सांग, कालवण कालचं आहे.