ताज्या बकऱ्याचे गुडघे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आमच्या भेसळविरोधी गटाला तर नाहीच. दुसऱ्यांच्या चुका मी भर चौकात घसा फाडून सांगते. स्वतःची एक सांगायची तर — हे बघा, अडखळले ना?

वर्ध्याला एमएस्सीला होते. बकऱ्याच्या गुडघ्यातल्या कूर्चेमधून प्रथिनं वेगळी काढायची, हा माझा प्रकल्प. नियम एकच: बकरा कापला की कूर्चा ताबडतोब बर्फात. कारण जनावर मेलं तरी पेशींमधली विकरं कामावरच असतात, प्रथिनांचे तुकडे करत सुटतात. उन्हात तर विचारूच नका.

जवळच्या जाम गावातल्या मारोतीकाका खाटकांनी माझ्यासमोर बकरा कापला, गुडघे काढून दिले. थर्माकोलच्या डब्यात ठेवले, वर बर्फाच्या पिशव्या. मग मी सरळ एसटीत का बसले नाही? कारण तिथल्याच चौकात आमच्या गटाची निदर्शनं होती. मे महिना. आणि कार्यकर्त्यांच्या लिंबूसरबताला बर्फ नव्हता —

कळलं ना? हो, तोच बर्फ. दोन ग्लास मीही प्यायले. घोषणा होती, 'शुद्ध अन्न, आमचा हक्क!' गुडघे चार तास उन्हात.

प्रयोगशाळेत प्रथिनांचे वेगवेगळे पट्टे दिसायला हवे होते. दिसला नुसता फराटा. सरांनी विचारलं, नमुना बर्फात आणला होता ना? मी म्हटलं, "हो सर. खाटीकच शिळं देतो."

इथं थांबले असते तर नुसती खोटारडी ठरले असते. पण मी पडले कार्यकर्ती! पत्रक काढलं: 'शिळ्या मटणाचा जाहीर निषेध!' वाटलंही मीच, त्याच चौकात.

काकांच्या दुकानासमोरची रविवारची रांग संपली. पत्रक हातात धरून ते मला म्हणाले, "पोरी, तुह्यासमोर कापला ना बकरा, मंग शिळा काऊन होईन?"

"विज्ञान खोटं बोलत नाही, काका."

विज्ञान कुठं बोलत होतं? मी बोलत होते.

त्यांनी मात्र खरं मानलं. सुरी बदलली, ओटा नवा केला. परवा जामला उतरले तर हाक मारून बर्फाची पेटी उघडून दाखवली — "पाह्य, आता सारं बर्फातच ठेवतो. तुह्यामुळे अक्कल आली मले." रविवार होता. दुकानात मी एकटीच.

बकरा ताजा होता. बर्फ मी प्यायले होते.