नणंदेच्या पायातले माझे बूट

लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा मी माझे ट्रेकचे बूट धाकट्या नणंदेला देऊन टाकले. देताना हसत होते. "घे गं, तुला बरोबर होतील. माझ्याकडे नुसते पडून कशाला ठेवायचे?" सासूबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या, त्यांना माझं फार कौतुक वाटलं. नणंदेने तिथेच फरशीवर बसून बूट चढवले, उभी राहिली, दोन उड्या मारल्या आणि माझ्या गळ्यात पडली. बूट तिच्यासाठीच बनवल्यासारखे बसले होते. मला तेवढ्यातच कुठेतरी टोचलं, पण तेव्हा ते काय आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

बूट द्यायचं खरं कारण माझे पाय. बाळंतपणानंतर ते पसरले. पोट उतरलं, चेहरा पुन्हा ओळखीचा झाला, पाय मात्र होते तसे झालेच नाहीत. जुन्या चपला अंगठ्याशी अडायला लागल्या. बूट तर मी तीनदा घालून पाहिले, एकदा टाचेला पावडर लावूनसुद्धा. पाऊल अर्ध्यात अडकायचं. मग एक दिवस उदारपणा केला.

ते बूट मी लग्नाआधी घेतले होते. तेव्हा पेणला माहेरी राहायचे आणि रोज गाडीने रोह्याला यायचे, शेजारच्या धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये नवी नोकरी लागली होती. बूट घ्यायला बाबा माझ्याबरोबर पनवेलला आले. तपकिरी चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, लाल नाड्यांचे. दुकानदार माझ्याशी बोलत होता आणि बाबा बूट उलटा करून सोल वाकवून बघत होते. त्यांची सगळी उमर गणपतीच्या कारखान्यात गेली, रबरी साच्यांच्या कामात. रबर कुठलं चांगलं आणि कुठलं फसवं हे त्यांना बोटांनी कळतं.

"हे घे," ते म्हणाले. "पण लगेच डोंगरात न्यायचे नाय. पयले आठ दिवस घरात वापर."

मी आठ दिवस बूट घालून स्वयंपाकघरात फिरले, आईच्या शिव्या खाल्ल्या, बाबांचा डबा द्यायला कारखान्यात गेले तीही बूट घालूनच. तिथे मुकुट रंगवायचा सोनेरी रंग उघडा होता. बाबांनी बारीक ब्रश घेतला आणि दोन्ही बुटांच्या जिभेवर आतल्या बाजूने माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. म्हणाले, "गडावर दहा जणांचे बूट एकत्र काढलेले असतात. बदलले तर?"

त्यानंतरची चार वर्षं आम्ही दोघं फिरलो. बहुतेक वेळा सांकशीच्या किल्ल्यावर, कारण तो घराजवळचा. खाली दर्ग्यापाशी स्कूटर लावायची आणि चढायला लागायचं. कातळात खोदलेल्या खोबण्यांपाशी बाबा मागे राहायचे आणि खालून सांगायचे, "डावा पाय. आता उजवा. घाई नको, बाय." कधी अवचितगड, एकदा सुरगड, एकदा थेट तळा गावचा गड. गडावर आम्ही फार बोलायचो असंही नाही. ते टाक्याच्या काठाला बसून विडी ओढायचे, मी भाकरी सोडायचे. माझं लग्न झालं, मी रोह्यात आले, तरी महिन्यातून एखादा रविवार आमचा असायचा. मग लेक झाली आणि ते थांबलं.

बूट दिले तेव्हा मला वाटलं, नणंद चार दिवस हौस करील आणि ठेवून देईल. ती पेणला एका शाळेत शिकवायची, रोज जा-ये करायची, शनिवारी दमलेली असायची. पण तिला तर वेडच लागलं. शाळेतल्या दोघीतिघींबरोबर ती अवचितगडाला गेली, मग कुठल्या कुठल्या ग्रुपबरोबर सह्याद्रीभर भटकायला लागली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात उत्तराखंडात जाऊन बर्फात चालून आली. मी लेकीला मांडीवर घेऊन वरण-भात भरवायचे आणि दुसऱ्या हाताने नणंदेचं स्टेटस बघायचे. तिचा चेहरा नाही बघायचे. फोटो मोठा करून खाली पायांकडे जायचे. माझे बूट बर्फात उभे होते. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही.

एका फोटोत नाड्या काळ्या दिसल्या. मी नवऱ्याला म्हटलं, "नाड्या बदलल्या हिने."

"तुटल्या असतील."

"विचारायला नको?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नाड्या बदलायला तुला विचारायचं?"

मी आतून जळत होते. तेव्हापासून मी बारीकसारीक कुरापती काढायला लागले. ती गडावरून आली की म्हणायचे, चिखल तसाच ठेवलास, चामडं जाईल हं. पावसात घालू नकोस, ते पावसाचे नाहीत. खरं तर मी स्वतः ते भर श्रावणात घातले होते. ती "बरं वहिनी" म्हणायची आणि ओल्या फडक्याने पुसून, आत कागद कोंबून ठेवायची, मी ठेवायचे त्याहून नीट. त्याचाही मला राग यायचा.

कंपनीत आम्हाला सेफ्टी शूज घालावे लागतात. काळे, जड, पुढे लोखंडी टोपी. शिफ्टला जाताना दारातल्या रॅकवर माझे ते आणि खालच्या कप्प्यात तिचे, म्हणजे माझे, असे दिसायचे. मी आधी माझ्या शूजमध्ये पाय घालायचे आणि मग निघायच्या आधी एकदा खाली बघायचे.

लेक तीन वर्षांची झाली त्या थंडीत, एका रविवारी मी तिला घेऊन सकाळच्या गाडीने पेणला गेले. आधी कळवलं नव्हतं. आई देवळात गेली होती, बाबा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. पडवीच्या कोपऱ्यात माझे बूट होते. सुतळीने गच्च आवळून बांधलेले आणि त्यांच्यावर दोन विटा.

मला एकदम इतका आनंद झाला की आता सांगायलाही लाज वाटते. वाटलं, बाबांनी ते माझ्यासाठी परत आणले.

"सोल सुटला होता," बाबा म्हणाले. "तुझ्या नणंदेने शुक्रवारी बूट आणून दिले. माझ्याकडलं सोल्युशन लावलंय. मंगळवारपर्यंत हात लावायचा नाय."

"ती इथे आली होती?"

"येते की. शाळा सुटली की येते कधी कधी. तुझ्या आईच्या हातचा जवळा आवडतो तिला." मग हसून म्हणाले, "गेल्या महिन्यात आम्ही सांकशीला जाऊन आलो. माझ्याच्याने होतंय की नाय वाटत होतं, पण पोरीने सांभाळून नेलं. गुणाची हाय."

मी खाली बसले. लेक विटांशी खेळायला गेली, तिला बाजूला ओढलं.

"तुम्ही सांकशीला गेलात? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला वेळ कुठे हाय, बाय? शिफ्ट, पोर. उगाच तुला लागून राहिलं असतं."

"मला विचारायचं तरी."

बाबांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते चहा टाकायला आत गेले, आणि मी पडवीतली विळी घेऊन सुतळी कापली. हाताला सोल्युशनचा वास लागला. बुटाची जीभ बाहेर ओढून मी ते अक्षर शोधलं. सोनेरी रंगाचा एक ठिपका उरला होता, बाकी घामाने गेलं होतं. कोणाच्या घामाने, तेही मी मनात विचारलं.

बाबा कप घेऊन बाहेर आले तर बूट माझ्या पिशवीत होते.

"अगं, सुकले नायत ते!"

"माझे आहेत," मी म्हणाले.

"दिलेस ना तिला?"

मी पिशवी खांद्याला लावली. आई देवळातून येईपर्यंतही थांबले नाही. लेक रडत होती, तिला आजीकडे राहायचं होतं. तिला उचलून रिक्षाने स्टेशन गाठलं. गाडीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागलं, तेव्हाच परत जाता आलं असतं. गेले नाही. कासू स्टेशन गेल्यावर पिशवीत हात घालून पाहिलं. उजव्या बुटाचा सोल पुढून पुरता उघडला होता. मी तो दाबून धरला. नागोठणं गेलं, रोहा आला, तोपर्यंत मी एका हाताने झोपलेली लेक आणि दुसऱ्या हाताने बूट दाबून बसले होते. काही उपयोग झाला नाही.

घरी नणंद ओट्याशी भाज्या निवडत होती. पुढच्या शनिवारी तिचा मोठा ट्रेक होता, हे मला माहीत होतं. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. वाटेत मी एक खोटं तयार केलं होतं, बाबांचं सोल्युशन जुनं झालं होतं वगैरे. तिने बूट काढला, सोल बघितला, कापलेल्या सुतळीचा तुकडा अजून टाचेला चिकटला होता तो ओढून काढला. तो बघितल्यावर माझ्याने खोटं बोलवलं नाही.

"मीच कापली," मी म्हणाले.

"का?"

"मला ते तुझ्या पायात बघवत नाहीत."

तिने सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला. सासूबाई आत होत्या, त्यांचा टीव्ही चालू होता.

"मग दिलेस कशाला, वहिनी?"

"माझ्या पायात जात नव्हते म्हणून."

"एकदा बोलायचं होतंस. मी नवीन घेतले असते." तिचा आवाज चिरकला. "मी बुटांचं नाव काढलं की तुझा चेहरा बदलतो, मला काय दिसत नाही? म्हणून तर पेणला काकांकडे जाते तेही सांगत नाही तुला. आणि मी जाते ते बुटांसाठी नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. मला आवडतं तिथे बसायला."

ती निवडलेली मेथी तशीच टाकून वर निघून गेली. मेथी मी निवडली.

शनिवारी ती शाळेच्या कापडी बुटांत ट्रेकला गेली. टाचा सोलून आली, कोणाला काही सांगितलं नाही, एकही फोटो टाकला नाही. आठवडाभर आम्ही फक्त मीठ-पाण्यापुरतं बोललो. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "यांचं काय झालं?" तो म्हणाला, "बूट." त्यांना वाटलं तो चेष्टा करतोय.

पुढच्या सुट्टीला मी बूट घेऊन परत पेणला गेले. बाबांनी सोलवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "आता माझ्याकडून होणार नाय. आख्खा नवीन बसवायला लागेल." मग आम्ही दोघं एसटी स्टँडाजवळच्या चांभाराकडे गेलो. बाबा त्याच्याशेजारी उकिडवे बसून सोल निवडत होते आणि मी उभी होते. तिथे मी त्यांना म्हणाले, "बाबा, मला पण न्या ना सांकशीला."

ते वर न बघता म्हणाले, "मी कधी नाय म्हटलं?"

आम्ही गेलो. मी, बाबा आणि नणंद. तिला मीच बोलावलं, दोनदा विचारल्यावर ती हो म्हणाली. लेकीला सासूबाईंकडे ठेवलं. नव्या सोलचे बूट नणंदेच्या पायात होते, माझ्या पायात माझ्या मापाचे नवे, निळ्या कापडाचे, ज्यांच्याबद्दल मला काहीच वाटत नाही. खोबण्यांपाशी ती आधी चढली. बाबा खालून म्हणाले, "डावा पाय. आता उजवा. घाई नको, बाय." मी त्यांच्या मागे उभी होते. 'बाय' ते तिलाही म्हणत होते. मला ते ऐकायचं नव्हतं, पण तोपर्यंत माझी पाळी आली होती आणि कातळ निसरडा होता. वर पोचल्यावर तिने हात दिला. मी तो धरला. धरल्याशिवाय चढता आलं नसतं हे खरं आहे, आणि धरावासा वाटला हेही खरं आहे.

उतरताना तिने विचारलं, "राग गेला का गं?"

"थोडा."

"थोडाच?"

"थोडाच."

ती हसली. मग मीही.

आता तिचं लग्न ठरलंय, मुलगा नाशिकचा आहे. परवा ती आपली बॅग लावत होती, साड्या एकीकडे, पुस्तकं एकीकडे. बूट तिने कागदात गुंडाळले, नाड्या आत सारल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, ती विचारतेय. मी म्हणाले, "तळाला ठेव, वजन खाली असू दे." तिने तळाला ठेवले. मग मी स्वयंपाकघरात जाऊन काही कारण नसताना डबे पुसत बसले. ते बूट मी मागणार नाही, असं ठरवलेलं आहे. अजून पंधरा दिवस ती बॅग आमच्याच घरात आहे.