मागची दोन लिंबं

मीनल सोमवारी गेली. मी रुवैसला होतो. गाडी तिच्या नावावर होती.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल लोक माझ्याशी फार बोलले नाहीत. तिसरीबद्दल मात्र भेटायला येणारा प्रत्येक जण बोलला. इथे आखातात माणूस गेलं की त्याच्या नावावरची गाडीही थांबते. कोर्टाचे कागद होईपर्यंत ती हलवायची नसते. त्यामुळे अल रीम आयलंडवरच्या आमच्या इमारतीच्या तळघरात मीनलची छोटी पांढरी गाडी उभी राहिली आणि वर घरात मी आणि ईरा उरलो. ईरा आमची मुलगी, नववीत आहे. तिला सगळं कळतं आणि ते ती इंग्रजीत सांगते.

माझी नोकरी रुवैसच्या एका कारखान्यात. यंत्रांच्या माहितीपुस्तकांमधल्या चुका दुरुस्त करणं हे माझं काम. (प्रत्यक्ष यंत्रांना मी हात लावायचा नाही, हे तिथे सर्वांनी मिळून ठरवलं आहे.) सोमवारी पहाटे कंपनीची बस मला घेऊन जायची आणि शुक्रवारी दुपारी आणून सोडायची. मधल्या रात्री तिथल्याच कंपनीच्या खोलीत. घर, शाळा, बाजार आणि स्टिअरिंग हे सगळं मीनलकडे होतं. लायसन्स माझ्याकडेही आहे. पण त्यासाठी मी इतक्या वेळा परीक्षा दिली, की शेवटी शेवटी परीक्षक माझ्या घरच्यांची चौकशी करू लागला होता.

मीनलची थोरली बहीण शुभाताई पुण्याहून आल्या होत्या. दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि त्या बसल्या. शुभाताई बसल्या की काहीतरी ठरतं.

"श्रीकांतराव, स्पष्टच बोलते. पोर आठवडाभर एकटी राहणार नाही. तुम्ही रोज घरी येणार असाल तर ती इथे राहील. नाहीतर मी तिला पुण्याला नेते."

"रोज येईन," मी म्हणालो.

"कसे? बस तर शुक्रवारी येते."

"गाडीने."

"कोण चालवणार?"

मी चहा प्यायलो.

ईराने कानातला इअरफोन काढला. "बाबा, इट्स ऑल्मोस्ट थ्री अवर्स. वन वे."

"लोक जातात रोज."

"त्या लोकांना ड्रायव्हिंग येतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने खास मराठीत म्हटलं, मावशीपर्यंत नीट पोचावं म्हणून.

तेवढ्यात शेजारचा डॉमनिक आला. डॉमनिक वसईचा, एका हॉटेलात मेजवान्यांची व्यवस्था बघतो. मीनल गेल्यापासून रोजचा डबा त्याच्याच घरातून येत होता, त्यामुळे त्याला आमच्या घरात मत देण्याचा अधिकार होता. शिवाय त्याला गाड्यांमधलं कळत असे. म्हणजे त्याच्या काकांकडे एके काळी जीप होती आणि ती जाताना त्याने पुष्कळदा पाहिली होती.

"साधी गाडी नको हां," डॉमनिक म्हणाला. "आता थंडी सुरू होते. सकाळी धुकं, पाऊस आला तर रस्त्यावर पाणी, रुवैसच्या बाजूला वाळू उडून रस्त्यावर येते. चारही चाकं ओढणारी पाहिजे. ऑल व्हील ड्राइव्ह."

"ऑल व्हील ड्राइव्हने धुक्यात दिसत नाही, अंकल," ईरा म्हणाली. "इट्स व्हील्स. नॉट आइज."

संपूर्ण प्रकरणात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. ते कुणी मनावर घेतलं नाही.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो, म्हणजे वाचू लागलो. हिवाळ्यात रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांनी जुनी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी कशी निवडावी, यावर जगात खूप लिहिलेलं आहे. फक्त ते सगळं बर्फात राहणाऱ्या लोकांनी लिहिलं आहे. मी तेही वाचलं. चाकांना साखळ्या कशा बांधाव्यात, काचेवरचं बर्फ कशाने खरवडावं, अचानक हरीण आडवं आलं तर काय करावं, हे मला आजही तोंडपाठ आहे. (दुःखात माणूस काय वाचतो याला अर्थ नसतो. वाचत असताना कुणी बोलायला येत नाही, हा फायदा.)

एका शनिवारी आम्ही डॉमनिकच्या गाडीतून शहराबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. मी, डॉमनिक, ईरा, आणि मागच्या सीटवर पर्स घट्ट धरून शुभाताई. डॉमनिकने प्रत्येक गाडीच्या टायरला लाथ मारली. शुभाताईंनी प्रत्येक किंमत मोठ्याने रुपयांत म्हणून पाहिली आणि दचकून परत दिरहॅममध्ये नेऊन ठेवली. शेवटी एका राखाडी गाडीपाशी आम्ही थांबलो. तिच्या पाठीवर तीन चकचकीत इंग्रजी अक्षरांत 'एडब्ल्यूडी', म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, लिहिलेलं होतं.

मी छापील अक्षरांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. माझं पोट त्याच्यावर चालतं.

विक्रेता केरळचा होता, आमच्याशी हिंदीत बोलत होता. मी त्याला विचारलं, "बर्फ में कैसी चलती है?"

तो क्षणभर आकाशाकडे बघत राहिला. मग त्याने आत हात घालून एक बटण दाखवलं, त्याच्यावर हिमकणाचं चित्र होतं. "सब है, साब. स्नो भी है."

"बाबा, खाली वाकून बघ ना," ईरा म्हणाली. "मागच्या व्हील्सकडे रॉड जातो का, ते दिसतं. आय सॉ अ व्हिडिओ."

"खाली तेल असेल. कपडे खराब होतील," शुभाताई म्हणाल्या.

"लिहिलंय की वर," मी म्हणालो.

विक्रेत्याने टपावरची धूळ हाताने पुसली. "एक मॅडम चलाती थी, साब. सिर्फ स्कूल और मॉल. बच्ची को छोड़ना, लेके आना, बस."

मी गाडी घेतली.

कागदांवर सह्या करताना डॉमनिक माझ्या कानाशी म्हणाला, "अरे, थोडं ताणायचं ना. अजून दोन बाजार बघायचे." मी म्हटलं, इंजिन चांगलं वाटतंय. इंजिन मी पाहिलंही नव्हतं.

घरी आणल्यावर गाडीची पूजा करायची की नाही, यावर वाद झाला. वर्षाच्या आत घरात काही करू नये असं माझं म्हणणं. शुभाताई म्हणाल्या, "सण करायचा नाही, श्रीकांतराव. ही काळजी आहे. काळजी करायला वर्ष बघत नाहीत." डॉमनिकने त्यांना जोरात पाठिंबा दिला आणि चर्चमधून बाटलीत आणलेलं पवित्र पाणीही शिंपडणार असल्याचं जाहीर केलं. आमच्या तळघरात नारळ फोडायला सुरक्षारक्षक परवानगी देईना. तेव्हा इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे वाळूत लोक गाड्या लावतात, तिथे जायचं ठरलं.

लिंबं आणायला मला पाठवलं. सुपरमार्केटमध्ये मिळाली ती परदेशी, मुठीएवढी, प्रत्येकावर स्टिकर चिकटवलेलं.

"ही लिंबं आहेत की पपया?" शुभाताईंनी विचारलं. पण त्यांनी हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. डॉमनिकने पाणी शिंपडलं आणि क्रुसाची खूण केली. नारळ एका घावात फुटला. सगळं इतकं नीट चाललं होतं, की मला तिथेच शंका यायला हवी होती.

"बसा. हळूच पुढे घ्या, लिंबं चिरडली पाहिजेत," शुभाताई म्हणाल्या.

मी हळूच पुढे घेतली. गाडी गुरगुरली आणि जागेवरच राहिली.

"थोडी रेस दे," डॉमनिक म्हणाला.

मी दिली. गाडीचं नाक खाली बसलं. एक लिंबू बंदुकीतून सुटावं तसं मागे गेलं आणि डॉमनिकच्या नडगीवर आपटलं. शुभाताईंच्या ताटात वाळू पडली आणि निरांजन विझलं. माझी अशी समजूत, की अशा वेळी शांत राहून वाचलेलं आठवावं. म्हणून मी हिमकणाचं बटण दाबलं.

भर उन्हात वाळवंटाच्या वाळूत बर्फाचं बटण दाबून बसलेला मी, कपाळावर कुंकू, आणि गाडी आणखी वीतभर आत.

"स्टॉप! बाबा, स्टॉप." ईरा मागे उकिडवी बसली होती. "खाली उतर. हे बघ."

मी उतरलो. पुढची चाकं अर्धी वाळूत गेली होती. तिथल्या दोन लिंबांपैकी एक पुरलं गेलं होतं आणि दुसऱ्याचा डॉमनिकला अनुभव आला होता. मागची दोन मात्र चाकांपुढे जशी ठेवली तशीच होती. पिवळीधमक, स्टिकरसकट. कुंकूसुद्धा पुसलं गेलं नव्हतं.

"मागची चाकं फिरलीच नाहीत," ईरा म्हणाली. "नॉट ईव्हन अ लिटिल. इट्स फ्रंट व्हील ड्राइव्ह, बाबा."

डॉमनिकने नडगी चोळता चोळता पाठीवरच्या अक्षरांना नख लावलं. एक अक्षर अलगद सुटून त्याच्या हातात आलं. मागे गोंद होता.

"देवासमोर खोटं टिकत नाही बघा," तो म्हणाला. कुठल्या देवासमोर ते त्याने सांगितलं नाही. श्रेय वाटून घ्यायला तो तयार होता.

शुभाताई विझलेल्या निरांजनाकडे बघत होत्या. "मीनल असती तर वाकून बघितलं असतं तिने," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. म्हणूनच झोंबला.

एका पिकअपवाल्याने दोर लावून गाडी बाहेर ओढली, "खलास, हबीबी", म्हणजे झालं काम मित्रा, असं म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या पिकअपच्या मागे काहीही लिहिलेलं नव्हतं.

गाडी परत घेणार का म्हणून मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, इन्शाल्ला. मी काय ते समजलो. रात्री गाडीचं माहितीपुस्तक काढून बघितलं. ऑल व्हील ड्राइव्हच्या पानावर शीर्षकाशेजारी तळटीपेची एक बारीक चांदणी होती आणि तळाला एकच शब्द: 'असल्यास'. आयुष्यभर मी अशा चांदण्या तपासत आलो आहे.

तरीही मी सोमवारी त्या गाडीने रुवैसला गेलो. कारण रस्ता डांबरी आहे, आणि त्याच्यावर हजारो लोक दोनच चाकांच्या जोरावर नोकरीला जातात. मंगळवारीही गेलो. रोज घरी आलो, ईराबरोबर जेवलो, ताईंना "बघा" असं न म्हणता म्हटलं. मला वाटलं, जमलं.

बुधवारी धुकं पडलं. गाडीचं नाक दिसेना. ईराचं वाक्य मला तेव्हा आठवलं. मी कसाबसा एका पेट्रोल पंपावर आत शिरलो आणि थांबलो. फोन गाडीतच बॅगेत होता, आवाज बंद. धुकं विरेपर्यंत मी तिथे चहा पीत बसलो आणि स्वतःला फार जबाबदार माणूस समजत राहिलो.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ईरा गणवेशातच होती. ती शाळेत गेलीच नव्हती. तिच्या फोनवर नकाशात मी म्हणजे एक निळा ठिपका असतो. तो ठिपका हमरस्त्याजवळ थांबला, ती फोन करत राहिली आणि मी उचलला नाही.

"मी पंपावर होतो गं," मी म्हणालो. "चहा प्यायला."

"आय नो. नंतर कळलं." तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. "बाबा, मी मावशीबरोबर जाते."

"अगं, पण मी रोज येतोय ना घरी. त्यासाठीच तर सगळं."

"म्हणूनच. मी इथे असले तर तू रोज चालवणार. तू बसने जा." मग मराठीत, सावकाश म्हणाली, "एक जण गेलंय. तेवढं बास."

शुभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या जिंकल्या होत्या, पण त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि या वेळी त्या बसल्या नाहीत.

त्या दोघी पुण्याला निघाल्या तेव्हा विमानतळावर डॉमनिकने आम्हाला त्याच्या गाडीतून सोडलं. वाटेत त्याने मला सांगितलं, की पुढची गाडी घेताना तो नक्की खाली वाकून बघेल. ईराने खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. तेवढं एक मला दिसलं.

आता तळघरात आमच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीची मालकीण नाही. दुसरीच्या पाठीवर दोनच अक्षरं उरली आहेत. मी सोमवारी बसने रुवैसला जातो आणि शुक्रवारी बसने रिकाम्या घरी येतो. बस मागच्या चाकांवर चालते. मी वाकून बघितलं आहे.