ज्वालाकेतूनं मूठ उघडली होती

हबीबचाचांच्या खुर्चीवर फळी टाकून केस कापून घेतलेल्या लातूरच्या तमाम मित्रांनो, आपल्या ज्वालाकेतूचा शेवट बदललाय!

हे वाक्य मी रविवारी नांदेडच्या मॉलमधून बाहेर पडताच मोबाईलवर लिहिलं. खाली चार परिच्छेदांची तोफ तयार होती.

ती डागली नाही. का, ते आज सांगतो. आज चाचांना जाऊन वर्ष झालं.

आपल्या लहानपणीच्या त्या हिंदी कॉमिकवर आता अ‍ॅनिमेशन फिल्म आलीय. मी, निलंग्याचा बालाजी आणि व्यंकट. तिघं पन्नाशीचे गडी थ्रीडी चष्मे लावून बसलो.

शेवटी ज्वालाकेतूनं दुष्ट तमसेनाला उचललं आणि ज्वालामुखीत फेकून दिलं.

संपलं. लाईट लागले.

मी उभाच राहिलो. "हा दगा आहे! ज्वालाकेतू शेवटी उगारलेली मूठ उघडतो. भर चौकात बोलतो. आणि तमसेनाची फौज हत्यारं खाली ठेवते!"

बालाजी म्हणाला, "काय बोलायलास? कुठला चौक? तो सगळं सोडून आईकडं घरी जातो की."

व्यंकट म्हणाला, "कुणाची आई? हारतो रे तो. हारतो, अन् तमसेनच रडतो."

तिघांचा संताप सारखा. शेवट तीन.

आणि कॉमिक? एकच. चाचांच्या सलूनमधल्या बाकावर पडलेलं.

आठवा. त्याची शेवटची पानं नसायचीच. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला चाचा मागून एकेक पान फाडायचे. पुढून फाडलं तर पोरं सुरू कुठून करणार?

मग आपण फळीवर बसून विचारायचो, "चाचा, फिर क्या हुआ?"

"सर सीधा रख नेते, कान जाता तेरा. फिर क्या हुआ बोले तो..."

घरी आल्यावर शबानाला फोन लावला. चाचांची मुलगी, नांदेडलाच शिक्षिका आहे. म्हटलं, तूच सांग, खरा शेवट कुठला?

ती हसत सुटली.

"भाई, अब्बांना हिंदी कुठं वाचता येत होतं? त्यांची शाळा उर्दूची. ते नुसती चित्रं बघायचे. ते ज्वालामुखीचं पान त्यांनी घरी आणून दाखवलं होतं मला. म्हणाले, ये पन्ना पहले फाड़ा मैं. बच्चे लोगां को अच्छा नै लगता."

म्हणजे फिल्म कॉमिकशी इमानदार निघाली.

तरी मला ती खोटीच वाटते. अजूनही.

तेव्हा मी बोलताना अडखळायचो. वर्गात पोरं हसायची. बालाजीची आई सोलापूरला दवाखान्यात होती. व्यंकटचं काय चाललं होतं, ते त्यालाही आठवत नाही.

तीस वर्षं मी व्यासपीठावरून गरजतोय की मूठ उघडून बोलणारा माणूस जिंकतो. दाखला द्यायचो ज्वालाकेतूचा. शाळेत, मोर्चात, एकदा तर औशाच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून. आणि हे कुठं छापलेलंच नव्हतं!

चिडू कुणावर? फिल्मवाल्यांवर? त्यांनी पान जसंच्या तसं दाखवलं. चाचांवर? जीभ रेटत नाही.

"मूळ पुस्तक वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका," असं पोरांना सांगत फिरणारा मी. माझं सगळं उभं आहे ते एका ऐकीव गोष्टीवर. हे बरोबर की चूक?

खरंच कळत नाहीये. पहिल्यांदाच कळत नाहीये.

फोन ठेवताना शबाना म्हणाली, "तुम्हाला तीन-तीन शेवट मिळाले. मला एकही नाही, भाई. सलूनमध्ये मुलींना कुठं येऊ द्यायचे? मी फक्त ते पान बघितलं."

इतका बोलणारा मी. एवढंच म्हटलं, शुक्रवारी लातूरला ये, सलूनमध्ये.

चाचा, मानेवर फिरवलेली तुमची ती गार तुरटी अजून जाणवते. सुकून से रहो.

आणि मित्रांनो, इथं नुसते हात जोडून पुढं जाऊ नका. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर शबाना लातूरला सलूनमध्ये येणार आहे. या. तुमचा ज्वालाकेतू शेवटी काय करतो, ते तिला तोंडानं सांगा.