खुब्याचा नवा सांधा

खुब्याचा सांधा बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी वज्रेश्वरी आईवर रुसले. काल्हेरच्या गोदामात दिवसभर उभ्यानं पॅकिंग करून मी संसार ओढला, तिचा एक उपवास चुकवला नाही. मग माझंच हाड आतून का मरावं? डॉक्टरांनी सांध्याचा नमुना हातात दिला. आत धातूची दांडी, तिच्यावर चिवट प्लास्टिकचा थर. "नुसता धातू सगळा भार स्वतःच घेतो, मग हाड आळसावतं, झिजतं. हा जरा लवतो, हाडालाही काम ठेवतो," ते म्हणाले. मला मात्र एवढंच दिसत होतं, की ही परकी वस्तू आता कायमची माझ्या देहात राहणार.

इस्पितळात भरती व्हायला गेले त्या दिवशी धीरच सुटला. "घरी चला," असा हट्ट धरला. नवरा समजावून थकला आणि रिक्षा बघायला खाली गेला. बाकावर बसून मी डोळे मिटले. "आई, माझ्यानं आता काही ठरवणं होत नाही. तूच बघ." एरवी मी तिच्याकडे सारखं काहीतरी मागायची. त्या दिवशी मागणंसुद्धा सुटलं.

"ताई, रो क्यों रही हो?" शेजारी एक चाचा होते, नारपोलीत कापडाचे लूम दुरुस्त करणारे. मी सगळं सांगितलं. ते हसले. "मेरे को भी यही बिठाया है. आता बगा!" म्हणून उठले ते थेट जिना चढून वर गेले, वरून "आलो!" अशी हाक दिली, आणि कठड्याला हात न लावता खाली उतरले. "नई बहू जैसा है, ताई. थोडे दिन लाजतो, मग घरचाच होतो."

कितीतरी महिन्यांनी मी खळखळून हसले. नवरा रिक्षा घेऊन आला तोवर ऑपरेशनच्या कागदांवर माझी सही झाली होती. चाचांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. त्यांना आईनं धाडलं, की त्यांची तपासणीच त्या दिवशी होती, हे मी ठरवत बसत नाही.

यंदा नवरात्रात नव्या सांध्यानं वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना सासूबाई मागून ओरडल्या, "ए बाय, दमानं चल! मी म्हातारी हाय ना!" मी थांबले, त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघी हसत वर पोचलो. गाभाऱ्यासमोर मी नुसती हात जोडून उभी राहिले. "माग की काय तरी," त्यांनी कोपरानं ढोसलं.

मागणं सुटलं तेव्हाच सगळं मिळालं, हे त्यांना कसं सांगू? मी वाकले आणि कपाळ उंबऱ्याला टेकवलं.