पाठ उघडून पाहिलेला ॲम्प

कारध्याचे केशवराव लांजेवार वांगंसुद्धा देठ उलटून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. बैल घ्यायला गेले की मालकाला म्हणतात, "तू जरा बाजूले हो बापा, तू नसताना तो कसा उभा राहते ते पाहू दे." गावात त्यांची पिठाची चक्की आहे. गिऱ्हाइकानं गहू आणला तर पिशवीच्या तळातली मूठ काढून बघतात. अहो, दळायचं गिऱ्हाइकाचं, खायचं गिऱ्हाइकानं, तुम्हाला काय करायचंय? पण नाही. माणूस समोर आला की केशवरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

आणि एवढा वस्ताद माणूस फसला कुठं, तर पोरीच्या बाबतीत. रश्मी बारावीला आहे. मामानं दिलेली इलेक्ट्रिक गिटार ती मोबाइलवर बघून बघून शिकली. पण या गिटारीला आवाजाचा डबा लागतो, ॲम्प म्हणतात त्याला. तो नसला तर कानाशी डास गुणगुणल्यासारखं वाजतं. केशवराव नागपूरच्या जुन्या बाजारात गेले आणि सोनेरी अक्षरात विलायती नाव असलेला, चांगला वजनदार ॲम्प घेऊन आले. घरी उघडला तर ट्रान्सफॉर्मरच्या जागी चिंधीत गुंडाळलेला फरशीचा तुकडा! वजन कशाचं होतं ते कळलं. रश्मीनं गिटार गुंडाळून कपाटावर ठेवून दिली. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, असं केशवरावांना अजून वाटतं.

मग त्यांनी इरेला पेटून ती विद्याच आत्मसात केली. दर्शनी नावावर जायचं नाही, ते कुणीही चिकटवतं. पाठ उघडायची. स्क्रूची डोकी घासलेली आहेत का बघायची. बटणांच्या मागं बारीक आकडे छापलेले असतात, स्पीकरवरही असतात. त्यांवरून बनल्याचं साल निघतं, आणि दोन्हींची सालं जुळली तर माल अस्सल. शेवटी नाक लावून जळका वास येतो का ते बघायचं.

दिवाळी झाली. झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे नाटक-तमाशांची जत्रा, भरायला लागली. कारध्याच्या मंडईत या रविवारी पोरापोरींचा ऑर्केस्ट्रा होता आणि रश्मीचं नाव पुकारलं जाणार होतं. ॲम्प नसेल तर तिनं स्टेजवर नुसती बोटं हलवायची. अशात कळलं की पवनीत चंद्रकुमार रामटेके जुना ॲम्प विकतो आहे. केशवराव पेचकस आणि टॉर्च घेऊन बसमध्ये चढले.

चंद्रकुमार एसटीत कंडक्टर. त्यानं चहा ठेवायला सांगितलं आणि ॲम्प ओसरीवर आणला. काळा, दणकट, पण समोर नावाच्या जागी दोन भोकं.

"नाव काहून काढलं?" केशवरावांनी बसायच्या आधी विचारलं.

"माहीत नाही जी. बाबाचा हाय. ते गेले, आता वाजवणारं कोणी नाही. पडून राहण्यापेक्षा कोणाच्या कामी यावा म्हटलं."

हे असं गोड बोलणं म्हणजे केशवरावांच्या लेखी पहिली खूण. त्यांनी पाठ उघडली. स्क्रू धड. बटणांचं आणि स्पीकरचं साल एकच. वास नाही. लावून बघितला तर आवाजही खणखणीत. म्हणजे खोट कुठंतरी दुसरीकडंच असणार! त्यांनी टॉर्च आणखी आत घातला. लाकडावर आतल्या अंगाला हळद-कुंकवाची बोटं ओढलेली. एकावर एक, जुनी काळवंडलेली आणि त्यांवर नवी.

केशवरावांनी मान वर केली. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांनी तसबिरीकडं पाहिलं, मग चंद्रकुमारकडं.

"तुमच्यात तर हे लावत नाही ना? मग कोणत्या नाटक मंडळीचा उचलला हा?"

चंद्रकुमारचा चेहरा पडला. आतून त्याची आई, कुंताबाई, चहाचा कप घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला, पण केशवरावांच्या पुढ्यात नाही.

"नाव म्या काढलं," ती म्हणाली. "झाकायच्या कपड्याले अडकत होतं. आन् कुंकवाचं विचारता, तर ऐका. आमचे हे जन्मभर नाटकात गिटार वाजवत. पहिल्या प्रयोगाले मंडळी नारळ फोडून साऱ्या वाद्यांले हळद-कुंकू लावत. आमच्यात नाही लावत. पण लावणारे जिवाभावाचे, त्यांचं मन कसं मोडायचं? हे म्हणत, समोर नका लावू गड्याहो, मागून आत लावा. दरसाल पाठ उघडत, बोट लावत, पुन्हा बंद करत. कोणाचंच मन मोडलं नाही त्यांनी. आन् तुम्ही त्यालेच चोरीची खूण म्हणता?"

केशवरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं जी माझं," ते ॲम्पच्या पाठीकडं बघतच पुटपुटले, कुंताबाईला ते ऐकूही गेलं नाही. मग त्यांनी एकेक स्क्रू परत बसवला.

"पोरीसाठी पाहिजे म्हणत होते ना?" कुंताबाई म्हणाली. "तिले पाठवा. तिच्या हाती देईन. तुमच्या नाही."

कारध्याला परतले तर चक्कीच्या दारात रश्मी उभीच होती. रिकामे हात पाहून तिचं तोंड उतरलं.

"हाही खोटा निघाला?"

"नाही. अस्सल हाय."

"मग काहून नाही आणला?"

खोटं बोलायला बरंच काही सुचत होतं. पण केशवरावांनी सगळं सांगितलं, आपला तो 'उचलला' हा शब्दही गाळला नाही. "तू जा माय उद्या," ते म्हणाले, "आन् म्हणावं, बापानं माफी मागितली."

 रश्मीनं तेव्हाच चप्पल पायात घातली.

"डबा मी आणीन, बाबा. माफी माझ्या हाती नका पाठवू. ती तुमची तुम्ही न्या."

पवनीची शेवटची बस अजून गेली नव्हती. केशवरावांनी पेचकस आणि टॉर्च फळीवर ठेवले आणि चक्कीला कुलूप लावलं.